पहिले तीन डावे

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१२ फेब्रुवारी २०२६

प्रिय तनू,

तुला सलाम, काकासाहेबांना नमस्कार, आणि तुमच्या नव्या वासराच्या पाठीवर माझ्यातर्फे एक थाप.

इकडे सगळं ठीक. रमजान आठवड्यावर आलाय, म्हणून अम्मीनं घर धुवायला काढलंय. कपाटं अंगणात, गाद्या गच्चीवर आणि मी जिन्यात बसून लिहितेय. मघाशी ती बादली घेऊन वर जाताना म्हणाली, "क्या लिख री इत्ता? फोन नहीं है क्या उसके पास?" आहे. पण तू उचलत नाहीस. सुदर्शन तुझे अम्मीनं शिवलेले कपडे न्यायला आलाय, भावाच्या हाती तरी पत्र पोचेल, त्याच्याच हाती हे देतेय.

पुण्यातल्या सोमवारच्या भाषणाची तयारी झाली का? सुदर्शन सांगत होता, काकासाहेबांनी लेकीचं कौतुक अख्ख्या कन्नड तालुक्याला सांगून झालंय. "आमच्या तनुजानं जगाच्या उलटं काढून दाखवलं, लई डोकं लागतं त्याला!" मला हसू आलं.

उलटंच तर आहे सगळं. टेल्युरियमच्या स्फटिकांत अणू स्क्रूच्या आट्यांसारखे वळत जातात, काहींत डावीकडे, काहींत उजवीकडे. वीज सोडली की इलेक्ट्रॉनची फिरकी डाव्या स्फटिकात एका दिशेला झुकते, उजव्यात बरोबर विरुद्ध. आजवर मोजणाऱ्या सगळ्यांना जे दिसलं त्याच्या उलट आपल्याला दिसलं. आपले सर नाचायचे तेवढे बाकी होते. त्यावरच तुला जर्मनीचं बोलावणं आलं. मला नाही आलं.

हो, लागलं मला ते. म्हणूनच परवा मी "डबी कुठल्या बाजूनं मोजलीस?" एवढंच विचारलं तर तू म्हणालीस, "तुला बघवत नाही का माझं?" आणि फोन ठेवलास. इतकी चिडले होते मी, की अम्मीशीही धड बोलले नाही.

तर ऐक. स्फटिक मी वाढवले. आम्लानं त्यांच्यावर पडलेले खड्डे सूक्ष्मदर्शकाखाली बघून डावे-उजवे मीच ठरवले, सहा खणांच्या डबीत मीच लावले आणि तुला म्हणाले, "पहिले तीन डावे, पुढचे तीन उजवे." खणांवर काही लिहिलं नाही. तू डावीकडून सुरुवात केलीस. कुणीही करेल. पण मी दहावीपर्यंत उर्दू शाळेतली. मराठी तुझ्यासारखीच डावीकडून लिहिते, वस्तू मांडायला लागले की मात्र हात उजवीकडूनच सुरू होतो. मला हे माहीतच नव्हतं गं! परवा अम्मी म्हणाली, मसाल्याचा पहिला डबा दे. मी उजवीकडचा उचलला. तिलाही तोच हवा होता. मी डबा तसाच हातात धरून तुला फोन केला.

म्हणजे जगाच्या उलट काही नाही. निसर्ग आहे तिथंच आहे, आपणच आपली फिरकी घेतली.

मला खरं तर इथं लिहायचं होतं, "एकदा खात्री करून घे." पण ते खोटं होईल. काल मी प्रयोगशाळेत जाऊन तुझी डबी काढली. डावीकडच्या पहिल्या स्फटिकाला तू चिकटवलेल्या तारा अजून आहेत, तारेला तुझ्या अक्षरात 'डावा १' अशी चिठ्ठी. तो बघितला. उजवा आहे. दुसराही उजवा. तिसरा बघायचा धीर झाला नाही.

सरांना अजून काही बोलले नाही. शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं आहे, आधी तूच सांगावंस. जर्मनी जाईल कदाचित. काकासाहेबांना काय वाटेल, या विचारानं मला जेवण जात नाहीये. डबी मी लावली, खणांवर मी लिहिलं नाही, हे मी कुणालाही लिहून देईन.

पण तेवढ्यानं भागणार नाही. सोमवारी मी पुण्याला येतेय. तू उभी राहून खरं सांगितलंस, तर मी तुझ्या शेजारी येऊन उभी राहीन. नाही सांगितलंस, तर मागच्या रांगेतून उठून मी सांगेन, आणि मग तू माझं तोंडही बघणार नाहीस. माझ्यावर ती वेळ आणू नकोस, तनू.

सोमवारपर्यंत तरी तुझीच,
शाइस्ता