विधवेच्या हातचा चौक

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५
सकाळी ११.२०, अलिबाग. समोर बसवून निवड समितीच्या मृणालीबाई म्हणाल्या, "मॅडम, काम सुंदर आहे. पण तुमच्यात विधवा बाई भिंतीवर लग्नाचा चौक काढत नाही ना?"

तुमच्यात! मी ठाकर. ही पुण्याहून येऊन अलिबागला बंगला बांधलेली. आणि माझी रीत मला हिनं सांगायची!

योजना अशी — अलिबाग आणि ऑस्ट्रेलियातलं डार्विन, दोन्हीकडच्या आदिवासी चित्रकारांनी महिनाभर एकमेकांच्या गावी राहून काम करायचं. इथून जागा एकच. ती सगुणाला, माझ्या धाकट्या बहिणीला मिळाली. तिचा हात चांगला आहे, मी कुठे नाही म्हणते? पण मला नाकारायचं तर चित्र बघून नाकारा! नवरा बघून काय नाकारता? तोही मेलेला.

वर साखरपेरणी — "तुम्ही सोबत जा ना, दुभाषी म्हणून. तुमचं इंग्लिश किती गोड!"

बुधवार, ५ नोव्हेंबर
दिवसभर भांडी आपटली.

मिशनच्या बोर्डिंगातून मी मे महिन्यात घरी यायची, तेव्हाच वाडीत लग्नं. आई तांदळाचं पीठ कालवून आम्हा दोघींना भिंतीशी बसवायची. सिस्टर म्हणायच्या, भुतं काढू नकोस. सगळी नोकरी मुरुडच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली. स्टाफरूममध्ये माझ्यामागे म्हणायचे, "ती ठाकरीण." आता ठाकरीण म्हणून जायचं, तर मी पुरेशी ठाकरीण नाही!

आणि बाबा गेल्यावर आईनं कुठे चौक सोडला? सगुणा सवाष्ण. तिनं आईच्या हातावर नुसता हात ठेवायचा, काढायची आईच. अख्खी वाडी बघायची. कुणी ब्र काढला नाही. रीत अशी असते, मृणालीबाई. वाकते.

रविवार, ९ नोव्हेंबर
डार्विनची चित्रकार रोझलीन आली. मला बोलावलं — तिच्याशी बोलायला कुणीतरी हवं ना! जीन्स, गळ्यात क्रूस, मिशनच्याच शाळेत शिकलेली. मृणालीबाईंचं तोंड बघण्यासारखं. पिसं खोवून येईल असं वाटलं होतं बहुतेक.

रोझलीनही विधवा. तिला कुणी काही विचारलं नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर
समितीला पत्र लिहिलं. 'ही अट कोणत्या ठाकर माणसाला विचारून घातलीत, त्याचं नाव कळवा. लेखी. शुक्रवार, २१ तारीख, संध्याकाळी पाचच्या आत.' झकास उतरलंय. उद्या वाडीवर जाऊन सगुणाला वाचून दाखवते. तिचाही अंगठा घेते खाली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
सगुणा चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मी मोठ्यानं वाचलं.

"लई कडक लिवलंस गो बाय," ती हसली. मग म्हणाली, "नाव कुनाचं मागतंस?"

"ज्यानं सांगितलं त्याचं."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिनं उलटली नाही.

"मंग माजं लिव."

मला कळेचना.

"त्या बाईनं इचारलं, इधवा काढतं का. मी बोललो, न्हाय काढत. खोटं हाय का?"

"आणि आईचं?"

"त्ये न्हाय सांगितलं."

"का?"

"तुला साळा भेटली. पगार भेटला, आता पेन्शन. आय तुज्या वाटंकडं डोलं लावून बसायची. माज्याकडं येक चौक हाय. त्योबी तूच घेशील?"

करपलेली भाकरी तिनं स्वतःच्या ताटात टाकली, चांगली मला वाढली. मी तशीच उठले. सगळा उतार रडत उतरले. या वयात!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
समितीचं पत्र फाडलं.

सगुणा, आईच्या हातावर हात ठेवलास. माझ्या हातावर का नाही? उत्तर हवंय, पुढच्या शुक्रवारी पाचच्या आत. लिहिता येत नाही तुला, ठाऊक आहे. पडवीची भिंत गेरूनं सारवून ठेवते. पीठही कालवते. ये.