पुसलेली रेघ

दि. १२ ऑक्टोबर, मंगळवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. मी ठीक आहे, तूही असशील, असं लिहायची पद्धत आहे; पण तू ठीक नाहीस हे मला दिसतंय. वहिनीने आज सकाळी दोन घास जास्त खाल्ले. नर्सला म्हणाली, "माझ्या नवऱ्यालाच जरा भूल देता येते का बघा." म्हणजे तिचं बरं चाललंय.

फोन करणार होते. पण फोनवर तू पूर्वीपासून पहिल्याच वाक्याला तोडतोस आणि मी दुसऱ्या वाक्यापासून सारवासारव करायला लागते. म्हणून पत्र. वहिनीच्या उशाशी ठेवतेय, पाचला आलास की मिळेल.

आधी शुक्रवारचं. वहिनीच्या यकृतातली गाठ काढायचं ऑपरेशन ऐन वेळी पुढे ढकललं. डॉक्टरबाई "तयारी अपुरी आहे" एवढंच म्हणाल्या आणि तू भर कॉरिडॉरमध्ये त्यांच्यावर तुटून पडलास. "बायको माझी थिएटरच्या दारात, आणि तुमची तयारी नाही? मग सहा-सहा वेळा तो चष्मा लावून केलंत काय?" त्या मुकाट ऐकत राहिल्या. मी तुझ्या मागे चार पावलांवर उभी होते. तोंडातून शब्द काढला नाही. दादा, त्यांची काहीच चूक नव्हती.

सरळ सांगायला जमत नाहीये, म्हणून कामापासून सुरू करते. "आमची धाकटी दवाखान्यात व्हिडिओ गेम खेळते," असं तू सगळ्यांना सांगायचास. तर तो गेम असा. स्कॅनचे शेकडो काप एकावर एक रचून मी रुग्णाचं यकृत उभं करते. डॉक्टरांनी हेडसेट, म्हणजे तू म्हणालास तो चष्मा, डोक्यावर चढवला की ते त्यांच्यासमोर हाताशी येतं, आणि खऱ्या ऑपरेशनआधी त्यावर सराव करता येतो. स्कॅन चालू असताना माणूस श्वास घेतो, हलतो, आणि नसलेल्या रेघा उमटतात. आमच्यात त्याला कचरा म्हणतात. तो पुसणं हे माझंच काम.

गेल्या आठवड्यात सोमवारी तू वहिनीचं यकृत बघायला येणार होतास. चार वर्षांचा अबोला, आणि तू माझ्या खोलीत येणार! सकाळपासून मी खुर्च्या पुसत होते. गाठीच्या मागे एक बारीक, तुटक रेघ दिसत होती. कचरा असेल, नसेलही. अशा वेळी मूळ स्कॅनशी ताडून बघायचं असतं, अर्ध्या तासाचं काम. तू दहा मिनिटांत येणार होतास आणि ती रेघ फार वाईट दिसत होती. मी ती पुसली आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं.

तू हेडसेट लावलास, हवेत हात पुढे केलास आणि म्हणालास, "काय सुरेख काम केलंयस गं." त्या एका वाक्यावर मी चार दिवस तरंगत होते. रेघेची आठवण झाली नाही. खरं लिहायचं तर मी ती होऊ दिली नाही.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरबाईंनी 'मॉडेल मूळ स्कॅनशी ताडून पाहिले' या कागदावर माझी सही मागितली. पेन हातात घेतलं, पण चालेना. मूळ स्कॅन उघडला. ती रक्तवाहिनी होती. सहाही सरावांत डॉक्टरबाई जिथून कापत होत्या, बरोब्बर तिथून जाणारी. मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. तुला मात्र नाही.

शनिवारी मी खरं मॉडेल करून दिलं. त्यांनी मला शेजारी उभं केलं आणि मुद्दाम त्या मॉडेलवर जुन्याच वाटेने कापलं. पडदा लाल झाला. रक्त थांबायला अकरा मिनिटं लागली. एवढा वेळ वहिनी टिकली नसती. त्या मला ओरडल्या नाहीत. "भावाला तू सांगतेस की मी सांगू? गुरुवारच्या आत त्यांना कळलं पाहिजे," एवढंच म्हणाल्या.

आता कापायची वाट बदललीय. नव्या वाटेने कालपर्यंत सात सराव झाले. शेवटच्या पाचांत रक्तवाहिनीला धक्का लागला नाही. पहिल्या दोनांत लागला, तेही लपवत नाही. मॉडेल आणखी दोघांनी मला बाहेर बसवून तपासलंय.

वहिनीला मी काल सांगितलं. शरीर तिचं, तेव्हा आधी तिला. ती म्हणाली, "मी इथे भीतीने अर्धी झाले होते, आणि तू माझ्या नवऱ्याची शाबासकी मिळवत होतीस." शेवटी तिने ऑपरेशनच्या नव्या संमतीपत्रावर सही केली आणि अट घातली, "गुरुवारी तू आत पडद्याशी उभं राहायचं. नजर हटवायची नाही." मी हो म्हटलं.

तुझी माफी मागायला हे पत्र नाही. माफी मागितली की तुलाच काहीतरी बोलावं लागेल, आणि सध्या तुझ्यावर तेवढंही ओझं नको.

गुरुवारी सकाळी आठला तिला आत नेतील. चार तास, कदाचित पाच. तू बाहेरच्या बाकावर एकटा असशील. संपलं की आतून कोणीतरी येऊन तुला सांगेल. बातमी बरी असो की वाईट, ती सांगायला मी यावं, की त्या क्षणी माझं तोंडही दिसू नये, आणि डॉक्टरबाईंनी यावं? तेवढं मात्र कळव.

तू काहीही ठरवलंस तरी गुरुवारी आत उभी असणारी,

तुझी धाकटी