मागच्या खोलीतलं मशीन

हेदवी,
शुक्रवार, दुपार

प्रिय मनस्वी,

आई आता वॉकर घेऊन पडवीपर्यंत येते. काल तर पायरी उतरून अंगणात उभी राहिली आणि शेजारच्या काकूंना हाक मारून दाखवलीन, बघा, मी आले म्हणून. तू पाठवलेल्या तेलानेच पडून पडून आखडलेला गुडघा सैल झाला असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. डॉक्टरांचं नाव नाही, माझं नाव नाही, तुझं तेल. रोज पेज पिताना एकदा तरी विचारते, "मनस्वीचा फोन आला काय गो?" मी आला म्हणते. तो येतोच. दाभोळला जाऊन तुला इतके दिवस झाले, पण एक रविवार तू चुकवला नाहीस. आणि दर वेळी पहिला प्रश्न आईचा आणि दुसरा, "तुझं कनेक्शन आता नीट चालतंय ना?" त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी आजवर धड दिलं नाही. आज देते.

आई विहिरीवर घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, दादाला मुंबईहून सुट्टी मिळेना, आणि मी रत्नागिरीची खोली बंद करून इकडे आले, तेव्हा नोकरी गेलीच असं मी धरून चालले होते. तूच ऋत्विक सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलंस की नकाशांचं सॉफ्टवेअर ऑफिसच्या मशीनवरच चालतं, तर ते मशीन इथेच चालू ठेवू, तेजल घरच्या लॅपटॉपवरून त्याला जोडून घेईल आणि तिथूनच काम करील. सकाळी मशीन चालू करायचं काम माझं, असंही म्हणालीस. सर तयार झाले, फक्त अट घातली की काम अडायला लागलं तर हजर व्हायचं. त्यांच्या वडिलांना, थोरल्या सरांना, मात्र ते कधीच पटलं नाही. घरी बसून कसलं ड्रॉइंग, असं ते माझ्यासमोरच म्हणाले होते.

पहिला महिना सुरळीत गेला. मग दिवाळी झाली आणि दुपारचं कनेक्शन तुटायला लागलं. जेवून येऊन बसावं, पुलाच्या खांबाचं माप टाकायला जावं, तर चित्र गोठलेलं. मग पडदा काळा, आणि समोरचा संगणक सापडत नाही असा निरोप. आधी मी हेदवीलाच दोष दिला. सिम बदललं. लॅपटॉप घेऊन वर सड्याच्या उघड्या माळावर जाऊन बसले, कातळाचे चटके सोसत. केबलवाल्याच्या मागे लागून फणसावरून वायर ओढून घेतली. मग ऑफिसचे संगणक सांभाळणाऱ्या विनोदला फोन लावला. त्याने बिचाऱ्याने सगळं तपासलं. ऑफिसच्या मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता आपोआप बदलत होता, तो त्याने कायमचा करून दिला. कुणी हात लावला नाही की मशीन झोपी जायचं, ते बंद केलं. दोन-तीन दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. आई खाटेवरून बघायची आणि म्हणायची, "तुजा ऑफिस परत पडला काय गो?" ती हसवायला म्हणायची, पण मी तिच्यावर खेकसायचे.

अशा वेळी मी तुला फोन करायचे. "मनस्वी, माझं मशीन बघतेस?" तू म्हणायचीस, "थांब गो, बघते." आणि थोड्या वेळात चालू. काय झालं होतं हे तू कधी सांगितलं नाहीस, मीही कधी विचारलं नाही. मग एक दिवस विनोद स्वतः जाऊन मशीनसमोर बसला आणि तिथूनच मला फोन केला. म्हणाला, "मॅडम, तुमची लाइन चांगली आहे. हे लाइट गेल्यामुळेही बंद पडत नाहीये, ऑफिसला इन्व्हर्टर आहे. मशीनमध्ये नोंद आहे, कुणीतरी रीतसर बंद करतंय. दुपारीच." मी विचारलं, कोण? तो म्हणाला, "ते कसं सांगू? तिथे बसतं कोण?"

मागच्या खोलीत तू आणि मी अशा दोघीच बसायचो. मी इकडे आले, मग राहिलीस तू.

त्यानंतरचं तुला माहीत आहे. ऋत्विक सरांनी तुला बोलावलं. तुझी स्वतःची कामंही मागे पडली होती, तेही काढलं. मशीन तू बंद करतेस का, असं विचारलं, आणि थोरले सर शेजारी बसलेले असताना तू म्हणालीस, "झालं असेल माझ्याकडून." दाभोळच्या जेटीच्या कामावर माणूस हवाच होता, तिथे तुला पाठवलं. तुझी पोर सान्वी आजीकडे रत्नागिरीत आणि तू तिथे भाड्याच्या खोलीत. जाण्याआधी तू मला फोन केलास. "विनोदने काहीतरी सांगितलेलं दिसतंय गो सरांना," म्हणालीस. मी म्हटलं, "असेल."

मनस्वी, विनोदने नाही सांगितलं. मी सांगितलं. त्याचा फोन ठेवला आणि तसाच सरांना लावला. म्हटलं, "सर, माझं मशीन मुद्दाम बंद केलं जातंय. मी नाव घेत नाही, पण त्या खोलीत मनस्वीशिवाय कुणी बसत नाही." नाव घेत नाही म्हणत नाव घेतलं. तुला एक फोन करून विचारणं इतकं सोपं होतं. नाही विचारलं, कारण वरच्या जागेसाठी आपल्या दोघींचीच नावं होती, आणि मी हेदवीत अडकलेली. तू मला मागे पाडायला बघतेस असं एकदा मनात आलं आणि, खरं सांगते, ते मला सोयीचं वाटलं. तोवर काम अडतंय याचा दोष माझा होता. आता तो दुसऱ्या कुणाचा तरी झाला.

तू गेलीस आणि मला वाटलं, आता सुटलं. उलट झालं. आधी मशीन बंद पडून थोड्या वेळात परत यायचं. आता दुपारी गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळीच यायचं, तेही शिपायाच्या लक्षात राहिलं तर. पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं मला. दोन आठवडे मी ते स्वतःला कळू दिलं नाही. मधे एकदा आईची औषधं आणायला गुहागरला गेले होते, तिथून परत यायच्या ऐवजी धोपाव्याला आले. खाडीपलीकडे दाभोळ दिसत होतं. फेरीबोट माणसं, मोटारसायकली, मासळीच्या टोपल्या घेऊन तुझ्या बाजूला गेली, परत आली, परत गेली. तिकीट काढायचं धाडस झालं नाही. घरी येऊन आईला गाडी चुकली म्हणून सांगितलं.

शेवटी गेल्या सोमवारी तवसाळची बोट धरून जयगडमार्गे ऑफिसला गेले. ठरवलं, दिवसभर मशीनसमोर बसायचं. दुपारी लाइट गेली. रस्त्यात नवी केबल टाकतायत, म्हणून दिवाळीपासून रोज जाते म्हणे. इन्व्हर्टर लागला. आणि चपला वाजवत थोरले सर मागच्या खोलीत आले. मला बघून दचकले. "तू कधी आलीस? बरं झालं. हे बघ, इन्व्हर्टरवर या खोलीत एकच मशीन चालवायचं, बॅटरी बसते. रिकाम्या खुर्चीपुढचं तर मी येऊन बंदच करतो." मी म्हटलं, "सर, रिकामी खुर्ची म्हणजे माझी?" म्हणाले, "मग? तू घरी, इथे मशीन कशाला चालू? तुझ्याकडे लॅपटॉप आहे ना?" त्यांना खरंच माहीत नव्हतं गो. मी लॅपटॉपवर करते ते काम याच मशीनमध्ये होतं, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. मग स्वतःच म्हणाले, "ती मनस्वी मोठी हट्टी. मला सांगायची, सर, तेजलचं चालू राहू दे, मी माझं बंद करते. आणि काळ्या पडद्यासमोर पेन्सिल घेऊन बसायची. ती डबा धुवायला गेली की मी तुझं बंद करायचो, ती येऊन परत चालू करायची. तुला सांगू नका म्हणाली होती. म्हणाली, कळलं तर ती आईला तशीच टाकून धावत येईल."

मी उठले आणि तशीच ऋत्विक सरांच्या केबिनमध्ये गेले. थोरले सरही मागोमाग आले. मी म्हटलं, "मनस्वीने काही केलं नव्हतं. मी तिच्यावर आळ घेतला." थोरले सर जमिनीकडे बघत म्हणाले, ते मशीन मीच बंद करायचो, त्या दिवशी बोललो नाही. मग ऋत्विक सर म्हणाले, तिने तेव्हाच का नाही सांगितलं? का ते मला माहीत होतं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला मुलासमोर तोंडघशी पाडायचं तुझ्याने झालं नसतं. माझ्याने मात्र, फोनवरून, तुझ्या पाठीमागे, सहज झालं. सरांनी त्याच दिवशी माझ्या मशीनला वेगळी बॅटरी बसवून घेतली. तुला परत बोलवायचं तर जेटीचं काम कोण बघणार, असा प्रश्न आला, तेव्हा मी म्हटलं, मी जाते. हेदवीहून धोपावे, पुढे बोट, रोज येऊन-जाऊन होईल. घरी येऊन आईला सगळं सांगितलं, माझ्या तोंडून काय गेलं तेसुद्धा. तिने वॉकर जवळ ओढला. मग म्हणाली, "जिनं तुज्यासाटी येवडा केलान, तिची पोर आयशीबिगर ऱ्हायली. तू जा. माजा मी बगतंय." दुपारी काकू येऊन बसणार आहेत.

आता हे पत्र का, ते लिहिते. ऋत्विक सरांनी तुला काल बदलीचं कळवलं, पण कारण सांगितलं नाही. तुमचं तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही, असं ते मला म्हणाले. आणि संध्याकाळी तुझा फोन आला. तू रडत होतीस. म्हणालीस, "माझ्या सान्वीसाठी तू आजारी आईला सोडून इथे येतेस? हे उपकार मी कसे फेडू गो?" मला तेव्हाच बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि "असू दे गं" एवढंच बाहेर आलं. म्हणजे दुसऱ्यांदा मी तुला खोट्यात ठेवलं, आणि या वेळी वर तुझे आभारही घेतले. सोमवारी सकाळी तू मला काम सोपवायला धक्क्यावर उभी असशील, आणि तुला मी ओळखते, गळ्यात पडशील. त्याआधी तुला हे कळायला हवं, म्हणून उद्या साइटवर नकाशे घेऊन येणाऱ्या गाडीतून हे पाठवते आहे. मी येते ते उपकार म्हणून नाही. वाचून झाल्यावर सोमवारी धक्क्यावर आली नाहीस तरी चालेल. किल्ली खोलीच्या मालकिणीकडे ठेव आणि सरळ सान्वीकडे जा. मी बोटीतून उतरेन तेव्हा तू दिसली नाहीस तर का ते मला कळेल, आणि दिसलीस तर काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

लिहायला हात धजत नाही, पण तुझीच,
तेजल