माडीचा पूर्वेकडचा कोपरा

तात्या, आष्ट्यात आपण सुभेदारांचं विटांचं घर बांधलं होतं, त्याचं तोंड नव्यानं सजवायचं काम या उन्हाळ्यात माझ्याकडं आलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, सुभेदारही गेले. त्यांच्या मागं काकी आता तिथं एकट्याच राहतात, मुलगा पुण्याहून येऊन-जाऊन असतो. त्याच्या मुलीचं लग्न दारात व्हायचं होतं आणि उघड्या विटा त्याला जुनाट वाटत होत्या. त्यानं मोबाइलवर मला चित्रं दाखवली. विटांवर करड्या टाइल्स, माडीच्या खिडक्या वाढवून मोठ्या काचा, गॅलरीला स्टीलचा कठडा. दुसरे दोन ठेकेदार त्यानं बघून ठेवले होते, पण काकी म्हणाल्या, "ज्यानं घर बांधलं, त्याच्या हाताखाली शिकलेला माणूस हाय. त्यालाच बोलीव." मी लगेच होकार दिला. होकार देताना मात्र माझी नजर त्याच्या मोबाइलवर नव्हती, ती माडीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यावर होती.

तुमच्याकडं आलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. फौजेच्या भरतीत दोनदा नापास झालेला, घरात नवी बायको, आणि हातात कसलीच कला नाही. तुम्ही पहिले सहा महिने मला फक्त माल कालवायला लावलात, मग एक दिवस वाईच्या एका वकिलांच्या कुंपणावर थापी हातात दिलीत. संध्याकाळी ओळंबा सोडून बघितलात, भिंत बोटभर बाहेर गेलेली. तुम्ही ओरडला नाहीत. सगळी माणसं हातपाय धूत उभी असताना म्हणालात, "पाड. तूच पाड, आन विटा साफ करून रचून ठेव, मगच भाकरी खा." वकिलांच्या घरातल्या बायका दारात येऊन बघत होत्या. माझी बायकोही त्याच कामावर विटा वाहायला होती, तिनं मान खाली घातली. तात्या, त्या दिवशी मी भिंत सरळ बांधायला शिकलो हे खरं, पण तुम्हाला भ्यायलाही त्याच दिवशी शिकलो.

सुभेदारांच्या घराची माडी चढत होती त्या मे महिन्यात तुमच्या घरच्या काकूंना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तुम्ही आठ दिवस तिकडंच होतात. जाताना मला एवढंच सांगितलंत, "वीट भिजल्याबिगर थर लावू नगंस. कोरडी वीट मालातलं पाणी पिती, मग आत नुसती भुकटी ऱ्हाती." दोन दिवसांनी विहिरीनं तळ गाठला. टँकर एक दिवसाआड यायचा, त्यातलं निम्मं पाणी घरातच लागायचं. सुभेदारांची रजा संपत आली होती, पलटणीत परतण्याआधी त्यांना समोरची भिंत पुरी झालेली बघायची होती, आणि ते रोज खाली उभे राहून थर मोजायचे. पूर्वेकडच्या त्या कोपऱ्यात मी अकरा थर कोरड्या विटांचे लावले. बायकोला पाचवा महिना होता, तरी डोक्यावरून विटा आणून तीच मला देत होती. हातात वीट घेताच तिला कळलं. म्हणाली, "आवं, ह्या भिजल्याल्या न्हाईत." मी म्हणालो, "तू आन."

तुम्ही आलात ते सरळ माडीवर चढलात. कोपऱ्यावरून तळहात फिरवलात.

"विटा भिजवल्या हुत्यास न्हवं?"

"व्हय, तात्या."

तुम्ही क्षणभर माझ्याकडं बघितलंत. मग हात धोतराला पुसून, "बरं," म्हणालात. मी खरं बोललो असतो तर ते अकरा थर खाली आले असते आणि बायकोला त्या सगळ्या विटा पुन्हा वाहाव्या लागल्या असत्या. इतकी वर्षं मी स्वतःला हेच कारण सांगत आलो. घर पुरं झालं त्या दिवशी तुम्ही तुमची स्वतःची थापी माझ्या हातात ठेवलीत आणि सुभेदारांना म्हणालात, "आता ह्यो गवंडी झाला." तुम्हाला संशय आला होता का, की माझ्या शब्दावर विसंबलात, हे मला अजून कळलेलं नाही. त्या थापीवर मी दोन मुलं शिकवली, घर बांधलं, ठेकेदार झालो.

या खेपेला मी माणसांना पश्चिमेकडून सुरुवात करायला सांगितली होती. मुलगा म्हणाला, "पूर्वेची खिडकी आधी घ्या, काचेचं माप आजच द्यायचंय." तिथं आधी टेकू देऊ, एवढं म्हणायला मला काही लागत नव्हतं. पण टेकू कशाला, असं त्यानं विचारलं असतं. मी गप्प परांचीवर चढलो. खाली, त्याच खिडकीच्या अंगाला, काकी खुर्ची टाकून बसल्या होत्या. काम बघायची त्यांना भारी हौस. मी त्यांना दोनदा आत जायला सांगितलं, त्यांनी दोनदा हात हलवून नकार दिला.

गडी छिन्नी लावतो. पहिल्या दोन विटा फुटून निघतात. तिसरी मी नुसत्या हातानं ओढतो आणि ती कपाटातून वही काढावी तशी अलगद बाहेर येते. मागून माल पिठासारखा सांडतो. मी वर बघतो तर कोपऱ्याच्या बाजूनं एक चीर वर वर चाललेली असते. गड्याला मी मागं ढकलतो, परांचीची एक फळी उचलून भिंतीला लावतो आणि तिच्यावर खांदा टेकतो. खालच्या बाजूला ओरडतो, "काकी, उठा! काकी!" त्यांना कमी ऐकू येतं. त्या कानामागं हात धरून वर बघतात, हसतात. माझ्या खांद्याखाली भिंत हलते आहे. मुलगा फाटकाजवळ फोनवर बोलत उभा आहे. मी त्याला नावानं हाक मारतो, शिवी देतो, काय म्हणतो ते मलाच कळत नाही. तो वळतो, धावत येतो आणि आईला खुर्चीसकट ओढतो. मी फळी सोडून मागं उडी घेतो. सगळा कोपरा एकदम खाली येतो.

धुळीतून पहिला आवाज काकींचा आला, "काय पडलं रं?" त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं. जिथं त्या बसल्या होत्या तिथं गुडघाभर विटा होत्या. मुलानं एक वीट उचलली, तिच्यावर अंगठा घासला, सगळा माल झडून गेला.

"हे असलं बांधकाम? माझ्या वडलांनी विश्वासानं काम दिलं आणि तुमच्या वस्तादानं हे असलं करून ठेवलं? तुम्ही होता ना तेव्हा कामावर? सांगा की."

माझ्या तोंडून निघालं, "तात्या थकले होते तेव्हा. घरात आजारपण होतं. लक्ष नसंल राहिलं."

तात्या, मी हे बोललो. काकू दवाखान्यात होत्या, तीच गोष्ट मी तुमच्यावर उलटवली.

काकी कानामागं हात धरून ऐकत होत्या. एवढंच म्हणाल्या, "त्यो माणूस तसा न्हवता."

पुढचे चार दिवस मी कामावर जात राहिलो, पडलेला भाग साफ केला, टेकू लावले. गावात बोलणं पसरायला चार दिवस पुष्कळ झाले. हार्डवेअरच्या दुकानात मालकानं सगळ्यांच्या देखत विचारलं, "तुमच्या वस्तादाची भिंत पिठाची निघाली म्हणं?" चौथ्या दिवशी तुमच्या धाकट्या मुलाचा फोन आला. तो अजून तुमच्याच नावावर कामं घेतो. म्हणाला, "दादा, एका घराचं बोलणं झालं हुतं, त्यांनी आज नगं म्हणून सांगितलं. तात्यांनी खरंच तसं केलं हुतं का? तुमी हुता न्हवं तितं?" मी म्हणालो, "बघतो." आणि फोन ठेवून दिला.

पाचव्या दिवशी सकाळी मी काकींच्या सोप्यात उभा राहिलो. मुलगा चहा पीत होता, दोन गडी दारात होते. बसा म्हणाले तरी बसलो नाही. सगळं सांगितलं. तुम्ही मिरजेत होतात, विटा कोरड्या होत्या, तुम्ही विचारलंत आणि मी खोटं बोललो. मुलानं कप खाली ठेवला. "माझी आई मेली असती," तो हळू आवाजात म्हणाला, आणि ओरडला असता तर बरं असं मला झालं. "उद्यापासून येऊ नका." मी म्हणालो, "न्हाई येत. पण गावात सांगा, तात्यांचं काम न्हवतं त्ये." दुपारी मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन तेच सांगितलं, मग तुमच्या धाकट्याला. तो "बरं," म्हणाला, अगदी तुमच्यासारखं. त्याचं गेलेलं काम परत आलं का, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

दुसऱ्या ठेकेदारानं काम पुरं केलं. पश्चिमेची खिडकी मोठी करताना त्याच्या माणसांना मशीन लावावं लागलं, असं ऐकलं. विटा तुटल्या, पण सांधा सुटला नाही. कोपरा नवा बांधला, वर करड्या टाइल्स चढल्या, लग्न झालं. घर आता त्या चित्रातल्यासारखं दिसतं.

हे पत्र मी कुठं पाठवणार आणि कुणाला दाखवणार? तुमच्या धाकट्याला द्यावं असं दोनदा मनात आलं, पण देणार नाही. त्याचं कारण असं. त्या सकाळी मी निघालो तेव्हा काकी दारापर्यंत आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तू आपण होऊन आलास, एवढं लय झालं." मी मान हलवली. बायको तेव्हा फाटकाबाहेर उभी होती. पहाटे चूल पेटवायच्या आधीच तिनं चपला घातल्या होत्या आणि मला म्हणाली होती, "तुमी सांगताय, का मी जाऊन सांगू?"