तळघरातली सहावी खुर्ची

२ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. सुशिक्षित माणसाने ती ठेवावी. आमच्या घरात सुशिक्षित माणूस सध्या एकच आहे, त्यामुळे जबाबदारी माझ्यावर आली.

परदेशी भाषांच्या संस्थेत कौन्सेलर म्हणून लागून महिना झाला. काम जबाबदारीचं. कोणती भाषा शिकावी याचं मार्गदर्शन करायचं. अर्थात येणाऱ्याचं आधीच ठरलेलं असतं. मी फक्त मजला सांगते. फ्रेंच तिसऱ्या मजल्यावर, एसी आणि गालिचा. जर्मन, जपानी दुसऱ्या. स्पॅनिश पहिल्या. आणि पुलापलीकडच्या देशाची भाषा, जिला इथे सगळे नुसतं 'पलीकडची' म्हणतात, ती तळघरात, झेरॉक्स मशीनशेजारी. तिथे जायला मागच्या गल्लीतून वेगळं दार आहे.

शिवाय प्रत्येक भाषेच्या ओळखपत्राला वेगळी रिबन. फ्रेंचची निळी, सॅटिनची. पलीकडच्या भाषेला पांढरी नाडी. पायजम्याला असते तशी.

हा अन्याय आहे. मी तो दूर करणार.

५ सप्टेंबर

आज स्टाफ मीटिंगमध्ये बोलले. कोणतीही भाषा वरची नसते, खालची नसते, मजले आपण बांधतो, असं म्हणाले. वाक्य आयत्या वेळी सुचलं. (काल रात्री लिहून ठेवलं होतं.) डायरेक्टर मॅडम म्हणाल्या, छान, आता चहा घ्या, निवतोय.

मग त्यांनी सांगितलं, तळघरात चारच जण येतात. महिनाअखेर मोजणी. सहा भरले नाहीत तर वर्ग बंद, आणि तळघरातल्या सरांचा तो एकच वर्ग. नावं मोजायची नाहीत, खुर्चीत बसलेली माणसं मोजायची.

स्टाफला एक भाषा फुकट शिकता येते. आजवर सगळ्यांनी वरचेच मजले धरलेत. मी उभी राहिले आणि तळघरासाठी नाव दिलं. सर माझ्यापाशी आले, म्हणाले, बाई, पाच झाले, तुम्ही माझा वर्ग वाचवलात. मी म्हटलं, सहावा माणूसही मीच आणते, काळजी सोडा.

खूप बरं वाटलं.

७ सप्टेंबर

पोस्टर तयार. 'शेजाऱ्याची भाषा शिका. वय, शिक्षण, कामधंदा, काहीही चालेल.' एक घरी आणलं.

बाबा पुलावरच्या बसचे कंडक्टर. निम्मे प्रवासी पलीकडचे. बाबांनी पोस्टर उभ्याउभ्या दोनदा वाचलं. म्हणाले, काहीही चालेल म्हणजे कंडक्टरही चालेल का गं? मी म्हटलं, तत्त्वतः चालेल, पण तुमची ड्युटी, दगदग, कशाला. म्हणाले, तेही खरंच.

आई म्हणाली, न्यायचंस की, बापलेक एका बाकावर बसाल, त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांना जागा दिल्या, स्वतः बाक कधी बघितलाय?

बाबांची मला लाज वाटत नाही. ते फक्त सगळीकडे बसमधल्या आवाजात बोलतात, आणि तळघरात आवाज घुमतो.

जेवताना त्यांनी पिशवीचा किस्सा सांगितला. दर आठवड्याला सांगतात. सीटवर पिशवी ठेवून जागा धरलेली दिसली की हे विचारणार, पिशवीनं तिकीट काढलंय का? आणि सगळी बस हसणार. आईही हसते. कितव्यांदा, कोण जाणे.

९ सप्टेंबर

वर्गाचा पहिला दिवस. पांढरी नाडी गळ्यात घालून निघाले. जिन्यापाशी कॉलेजातली एक मैत्रीण भेटली, निळी रिबन. कुठे निघालीस, म्हणाली. मी म्हटलं, झेरॉक्सला.

एकदा झेरॉक्स म्हटल्यावर झेरॉक्स काढणं भाग होतं. वर्गाचं दार उघडं होतं, पण कागद हातात घेऊन पहिल्याच दिवशी आत जाणं बरं दिसत नाही.

उद्या नक्की.

१० सप्टेंबर

रात्रभर विचार केला. फ्रेंचचं एवढं स्तोम का, हे बाहेरून कळणार नाही. आत शिरून अभ्यास करायला हवा. डायरेक्टर मॅडमना म्हटलं, काही दिवस निरीक्षणासाठी फ्रेंचच्या वर्गात बसू का? त्या म्हणाल्या, बस की, तू शहाणी आहेस हे मला माहीतच होतं. त्यांना माझा हेतू नीट कळलेला नाही.

रिबन मिळाली. कापड खरंच चांगलं आहे.

घरी काही बोलले नाही. निरीक्षण गुप्त असलेलं बरं. बाबांनी विचारलं, आज काय शिकवलं? मी म्हटलं, नमस्कार-चमत्कार. म्हणाले, एखादा करून दाखव. मी म्हटलं, वर्गाच्या वातावरणाशिवाय ते जमत नाही.

१६ सप्टेंबर

फ्रेंच झपाट्याने येतंय. नव्या वर्षापर्यंत फ्रेंचमध्ये विचार करू लागेन. फ्रेंच मॅडम म्हणतात माझा घसा अजून मोकळा झालेला नाही. घरी सराव केला. आईने खोकल्याचं औषध दिलं.

बाबांची ड्युटी बदललेली दिसते. हल्ली माझ्यानंतर येतात. आल्याबरोबर तोच प्रश्न, आज काय शिकवलं? मी म्हटलं, आकडे. म्हणाले, आकडे? भाज्या नव्हत्या? मी म्हटलं, आकडेच. त्यांनी वाकून बूट काढले. मग म्हणाले, असेल, आकड्यांना वेळ लागतो.

दाढी करताना हल्ली स्वतःशी काहीतरी पुटपुटतात. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. दाढ दुखत असावी. दाखवून आणायला हवं.

२० सप्टेंबर

आत्या आली होती. मी कुठली भाषा शिकते विचारलं. आईने पलीकडची सांगितली. आत्या म्हणाली, अगं बाई, ती तर आमच्याकडे लादी पुसायला येते ती बोलते. पदवी घेऊन हेच? माझ्या जावेची सून बघ, जर्मन!

बाबा आत्यापुढे कधी तोंड उघडत नाहीत. आज म्हणाले, ताई, जिथे कुणी जात नाही तिथे आमची पोरगी गेली. त्याला धमक लागते.

मी पाणी प्यायला आत गेले. खूप तहान लागली होती. निळी रिबन पर्समध्ये होती. उगाच चेन नीट लागलीय का बघितलं.

सोमवारपासून तळघर. निरीक्षण पुरे झालं.

२४ सप्टेंबर

सोमवारी फ्रेंचची चाचणी होती. अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. नापास. पण शेवटून दुसरी.

आज रिसेप्शनवर एक फ्रेंच बोलणारे गृहस्थ आले. सगळ्यांनी माझ्या रिबनकडे बघितलं. नेमकं तेव्हाच माझं पेन टेबलाखाली पडलं. ते सापडेपर्यंत फ्रेंच मॅडम खाली येऊन, त्यांच्याशी बोलून, त्यांना वर घेऊन गेल्या. टेबलाखाली फार पसारा आहे. आवरायला हवं.

जिन्यात तळघरातले सर भेटले. मी रिबन मुठीत धरली. ते म्हणाले, बाई, सवडीने या, घाई नाही, तुमची जागा रोज धरून ठेवलेली असते. कोण धरतं, ते मी विचारलं नाही. पोस्टर बघून एक नवे गृहस्थ येतात म्हणे. डोक्यात काही शिरत नाही त्यांच्या, पण खाडा नाही. म्हणजे तुम्ही धरून बरोबर सहा, असं सर म्हणाले आणि हसले.

माझ्या पोस्टरला यश!

२९ सप्टेंबर

उद्या मोजणी. ठरलं. रिबन घरी ठेवायची, आधीच जाऊन खुर्चीत बसायचं. सहा म्हणजे सहा. वर्ग वाचणार आणि तो मी वाचवलेला असणार. त्यानंतर फ्रेंच सोडायचंच, असंही काही नाही.

३० सप्टेंबर

रिबन सवयीने गळ्यात राहिली.

निघणार तेवढ्यात डायरेक्टर मॅडम म्हणाल्या, चल, मोजायला तू माझ्याबरोबर. नाही कसं म्हणणार? नोकरी आहे.

तिसरा मजला, खुर्च्या कमी पडल्या. दुसरा, पहिला, ठीक. मग तळघर.

पहिल्या रांगेत एक नर्स, एक म्हातारे गृहस्थ, दुकानातल्या दोघी बहिणी. मागच्या रांगेत बाबा.

युनिफॉर्ममध्ये. टोपी मांडीवर. गळ्यात पांढरी नाडी. शेजारच्या खुर्चीवर त्यांची तिकिटांची पिशवी.

बाबांनी आधी माझी रिबन बघितली, मग मला. उठून उभे राहिले. म्हणाले, नमस्कार मॅडम. हळू आवाजात. बाबांना हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

मी पण नमस्कार म्हटलं.

डायरेक्टर मॅडमनी विचारलं, ही पिशवी कुणाची? बाबा म्हणाले, माझी. इथे एक मुलगी बसते. कामात असेल. येईल इतक्यात. सर फळ्याकडे बघत होते.

डायरेक्टर मॅडम हसून माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, काय गं, पिशवी मोजायची का?

चार पावलांवर खुर्ची होती. जाऊन बसले असते तर सहा झाले असते.

मी म्हटलं, नाही मॅडम. पाच.

बाबांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. खुर्ची रिकामी झाली.

१ ऑक्टोबर

तळघरात आता स्टेशनरी ठेवणार. सर फळा पुसून गेले. मला भेटायला वर आले नाहीत.

संध्याकाळी बाबा लवकर घरी आले. आईने विचारलं, आज लवकर? म्हणाले, ड्युटी बदलली. माझ्याकडे बघितलं नाही. जेवताना आई म्हणाली, पिशवीचं सांगा ना. म्हणाले, जुनं झालं ते.

मी भात संपवून तशीच बसून राहिले. बाबांनी हात धुतले, टोपी खुंटीला लावली, आत गेले.

आज काय शिकवलं, असं त्यांनी विचारलं नाही.

या वेळी मी खरं उत्तर तयार ठेवलं होतं.