बोलायची परीक्षा

६ जानेवारी, सोमवार

दादाने परस्पर ठरवून टाकलं! मशीनवाली परीक्षा.

'खुशे, तुझ्यासाठी पीटीईच बरी. कॉम्प्युटरपुढं बसायचं, माइकमधी बोलायचं. समोर माणूसच नाई. कोणी हासणार नाई.' एवढं बोलून तो दुकानात निघून गेला. म्हणजे विषय संपला.

परदेशात शिकायले मी चालली. अर्ज माझा, मार्क माझे, माती हा विषय माझा. आणि इंग्रजीची परीक्षा कोणती द्यायची ते ठरवणार अंकुर दादा! ज्याने आपल्या कृषी केंद्राच्या पाटीवर 'फर्टिलायझर'चं स्पेलिंग दोनदा चुकवलं!

मी म्हणायले गेली, 'मले म— म— म—'

तेवढ्यात बाबा म्हणे, 'हो हो, तिले मान्य आहे.'

मले मान्य नाही म्हणायचं होतं!!

७ जानेवारी

इथं मी अडकत नाही. हातातून कसं भराभर निघते. तोंडातूनच काय होते कोण जाणे. शब्द डोक्यात तयार असतो, अगदी ओठापर्यंत येतो आणि दाराले आतून कडी लागल्यासारखा अडून बसतो. समोरच्याले वाटते हिले उत्तर येत नाही. मग तो माझ्यासाठी शब्द शोधतो. बहुतेक चुकीचा.

नेदरलँड्सच्या कॉलेजच्या साइटवर लिहिलं आहे, दोन्ही परीक्षा चालतात. पीटीईत बोलायचं ते कॉम्प्युटरशी. आयईएलटीएसमधी बोलायची परीक्षा माणसासमोर बसून. तो विचारते, आपण सांगायचं. आणि सगळ्यात पहिला प्रश्न काय? तुमचं पूर्ण नाव सांगा.

नाव! 'ख' माझा जन्माचा वैरी आहे. आणि घरच्यांनी हौसेने नाव ठेवलं खुशी.

कागदपत्रं एक एप्रिलच्या आत पाहिजेत.

१३ जानेवारी, सोमवार

यवतमाळले गेलती, पीटीईच्या क्लासमधी. दादा सोबत. सर मोठे गोड बोलणारे. सगळं दादाले विचारून राह्यले होते. 'मॅडमचं शिक्षण?' मॅडम समोर बसली आहे ना! 'बी.एस्सी. ॲग्री,' दादा म्हणे. 'मॅडमले प्रॉब्लेम कधीपासून?' 'लहानपणापासून.' जसं काही मी दुकानात दुरुस्तीले आणलेला स्प्रे पंप आहे.

सर म्हणे, 'यांच्यासाठी मशीनच बेस्ट. मशीन वाट पाहते.'

खोटं! साफ खोटं! सरावाच्या कॉम्प्युटरवर बसवलं मले. पडद्यावर चित्र आलं, टूं वाजलं. मले चित्र दिसून राह्यलं होतं, वाक्य तयार होतं. पहिलाच शब्द अडकला. मी त्याच्याशी झुंजतच होती, तं पट्टी लाल झाली आणि रेकॉर्डिंग बंद! मी गप्प आहे असं त्याले वाटलं. मी गप्प नव्हती. मी बोलून राह्यली होती. आवाज यायचा बाकी होता फक्त.

दुसरं चित्र. पुन्हा लाल. तिसरं. लाल.

बोलण्यात काय मार्क पडले ते इथं लिहीत नाही.

सर म्हणे, 'थोडं फास्ट सुरू करा ना.'

वा! एवढं सोपं होतं तं! बावीस वर्षं मले कोणी सांगितलंच नाही.

येताना दादाले यवतमाळात काम होतं, मी एकटीच एस.टी.त बसली. कंडक्टर आला. 'घाटंजी'चा घ निघेना. मागचे लोक पाहून राह्यले. शेवटी 'पारवा' म्हटलं आणि पुढच्या गावाचं तिकीट काढून घाटंजीले उतरली. हे मी कॉलेजात असल्यापासून करते. आपल्या गावाचं नाव घेता येत नाही म्हणून पुढच्या गावाचं तिकीट! आज पहिल्यांदा त्याची लाज नाही वाटली. राग आला. भयंकर राग आला.

१४ जानेवारी

'तिळगूळ घ्या, गोड बोला.' दिवसभर येऊन राह्यले सगळे.

गोड राहू द्या. मले नुसतं बोलू द्या!

१९ जानेवारी, रविवार

माझ्या मैत्रिणीकडं, जेबाकडं गेली. तिचे अब्बू शब्बीरचाचा समोरच्या खोलीत मोटारी वाइंडिंग करतात, मागं अंगण आहे. तिथं बसलो. तिले म्हटलं, तू परीक्षक हो. मी माणसासमोरची देऊन पाहते. ती बी.एड. करून राह्यली, मास्तरीण व्हायचंच आहे तिले. ओढणी सावरून, पाठ ताठ करून बसली. 'वॉट इज युअर फुल नेम?'

ख वर अडकली. मान वाकडी झाली, डोळे मिटले. जेबा बसून राह्यली. मग हळूच म्हणे, 'आराम से. मैं किधर जा रई?'

निघालं नाव! किती वेळाने, माहीत नाही. पण निघालं. मग पुढचे प्रश्न. घर, गाव, आवडीचं जेवण. अडकत अडकत, पण माझी वाक्यं मीच पूर्ण केली. समोर कोणी थांबलं असलं तं कडी उघडते. थोडा वेळ लागते, बस.

मग एका ठिकाणी 'एक्सपेरिमेंट' अडकला आणि जेबाने तो शब्द सांगून टाकला. मी उठली आणि सरळ घरी आली. मागून ओरडून राह्यली होती, 'अगं एका शब्दावरून?'

हो. एका शब्दावरून!

२० जानेवारी

जेबाने माफी मागितली. मीही मागितली. उद्यापासून रोज चार वाजता.

२७ जानेवारी, सोमवार

अडखळणाऱ्याले बोलायच्या परीक्षेत जास्त वेळ मागता येते. डॉक्टरचा कागद लागते. मी वाचून काढलं सगळं. आज जेवताना सांगितलं. सांगायले वेळ लागला, भाकर थंड झाली, पण सांगितलं.

बाबा म्हणे, 'असा कागद करायचा नाई.'

'का— का— काहून?'

'उद्या लग्नाचं पाहायचं आहे तुझं. पोट्टीच्या बोलण्यात दोष आहे असं डॉक्टरच्या सहीने लिहून ठेवायचं? कोणाच्या हाती लागला तं?'

म्हणजे पाहायले येणाऱ्या पोट्ट्यासमोर मी बोलणारच नाही असं धरून चालले आहेत! चहा ठेवून आत जायचं. बोलणं बाबा करतील. बाबा म्हणजे मारोतराव, अख्ख्या घाटंजीत कोणालेही गोष्टीत गुंडाळून बियाणं विकणारा माणूस. त्यांच्याच पोटी मी!

आई वाढत राह्यली.

आता तो कागदच नको मले. जास्तीचा वेळही नको. जेवढा सगळ्यांले, तेवढाच मले. (हा राग आहे की शहाणपण? माहीत नाही. बहुतेक राग.)

३१ जानेवारी

दादाने पीटीईची तारीख घेऊन टाकली. मले न विचारता! मोबाइल दाखवून म्हणे, 'हे पाह्य, झालं काम. टेन्शन नको घेऊ.'

मी बोलायले तोंड उघडलं. राग असला की काहीच निघत नाही. काहीच! नुसती मान हलून राह्यली. दादा म्हणे, 'राहू दे, थँक्यू म्हणायची गरज नाई.'

थँक्यू!!!

दुकानात गेली. बाहेर तो काळा फळा आहे, बियाण्याचे भाव लिहायचा. सगळा पुसला. खडूने मोठ्ठं लिहिलं: मी मशीनवाली परीक्षा देणार नाही. खाली सही: खुशी.

बाजाराचा दिवस. दुकानात गर्दी. आमचे जुने गिऱ्हाईक नेमसिंगकाका तांड्यावरून आलते. त्यांनी मोठ्याने वाचलं आणि बाबाले विचारलं, 'मारोतराव, हे कोणतं नवं वाण काढलं?'

लोक हसले. बाबा लालबुंद. 'गिऱ्हाइकासमोर घरचा तमाशा!' दादाने फळा पुसला. मी पुन्हा लिहिलं. त्याने पुन्हा पुसला. मी खडू त्याच्या अंगावर फेकला आणि जेबाकडं जाऊन तिच्या लॅपटॉपवर आयईएलटीएसची तारीख घेतली. नागपूर, २२ फेब्रुवारी.

१ फेब्रुवारी

काल जिंकल्यासारखं वाटलं होतं. आज नाही वाटून राह्यलं. लिहून भांडली मी. तोंडाने नाही भांडली.

९ फेब्रुवारी, रविवार

घरात अबोला आहे. दादा माझ्याशी बोलत नाही, बाबा आईमार्फत बोलतात. 'तिले सांग, चहा दे.' गंमत म्हणजे, कोणी बोलत नाही तेव्हा कोणी मधातही बोलत नाही.

आई तुरीच्या शेंगा सोलून राह्यली होती. मी बाजूले बसली. ती एकदम म्हणे, 'लहानपणी वेखंड चाटवलं तुले. मध चाटवला. ज्याने जे सांगितलं ते केलं. पण तू अडली का मी शब्द पुरवत गेली. मले पाहवत नाई, खुशी. तुझा जीव कसा वरखाली होते.'

मी म्हटलं, 'म— मले नाही होत. तु— तुमचाच होते.'

आईने शेंगा खाली ठेवल्या. माझं वाक्य तिने पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं असेल. मले तिच्यावरही राग होता. आहेच. पण आज थोडा कमी लिहिते.

२२ फेब्रुवारी, शनिवार. नागपूर

झाली!

जेबा सोबत आलती. बाबा सकाळी स्टँडवर आले, खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि गेले.

ऐकायची, वाचायची, लिहायची झाली. मग बोलायची. छोटी खोली. समोर एक बाई, पांढरे केस, कॉटनची साडी. नाव विचारलं.

ख.

आलाच तो. मान वाकडी गेली. डोळे मिटले. वाटलं, आता ती कागदावरून वाचून दाखवणार, 'खुशी ना?' मी डोळे उघडले तं ती पाहून राह्यली होती. घड्याळाकडं नाही, कागदाकडं नाही, माझ्याकडं. कीव नव्हती चेहऱ्यावर. घाई नव्हती. एखाद्याच्या दारात उभं राहून, आत कोणी आहे हे माहीत असल्यावर थांबतात ना, तशी थांबली होती.

निघालं नाव.

पुढं कार्ड दिलं: तुम्ही शिकलेलं एखादं कौशल्य. मी माती बोटांत चोळून ओळखायचं सांगितलं. ओली माती चिमटीत घेतली की काळी कशी चिकटते, लांब पट्टी कशी निघते, मुरमाची बरड कशी तुटून जाते. बोटं हलवून दाखवली. अडकली, किती तरी वेळा अडकली. सगळं सांगून व्हायच्या आधी वेळ संपला. पण जे बोलली ते माझंच बोलली.

बाहेर येऊन रडली. आनंदाने नाही! रागाने. या बाईले मी कोण? कोणीच नाही. तिने काय केलं? वाट पाह्यली. फुकटची गोष्ट. घरच्या तीन माणसांले बावीस वर्षांत नाही जमली ती!

७ मार्च, शुक्रवार

निकाल. नऊपैकी ऐकणं साडेसात. वाचणं साडेसात. बोलणं साडेसहा!

लिहिणं साडेपाच.

प्रत्येकात सहा पाहिजेत.

लिहिण्यात! मी! जी फक्त लिहूनच धड बोलते, ती लिहिण्यात नापास! सगळ्या घराने माझ्या जिभेची काळजी केली, मीही जिभेचाच सराव केला, महिनाभर निबंध एक नाही लिहिला. कोणावर चिडू? आज पहिल्यांदा दुसरं कोणी सापडून नाही राह्यलं.

दादा म्हणे, 'माझं ऐकलं असतं तं?' सापडला!

बाबा मात्र तो कागद हातात घेऊन बसले होते. 'बोलण्यात साडेसहा म्हणजे पास ना? बोलण्यात?' तीनदा विचारलं.

१० मार्च, सोमवार

फक्त लिहिण्याचाच भाग पुन्हा दिला तं कॉलेज मानते का, हे विचारायचं आहे. ईमेलले उत्तर यायले तीन आठवडे लागतात म्हणे. म्हणजे तारीख गेली. बाबा म्हणे फोन करा. दादा म्हणे, 'तू नको, मी करतो.' माझ्यासमोर लावला, स्पीकरवर.

'सर, माय सिस्टर… शी कॅनॉट स्पीक.'

शी कॅनॉट स्पीक!!!

पलीकडचा माणूस म्हणे, आम्ही फक्त अर्जदाराशीच बोलतो. आणि ठेवला.

मी दादाकडं पाह्यलं. त्याची मान खाली गेली. बोलायची गरज पडली नाही.

११ मार्च

जेबाच्या गच्चीवरून मीच कॉलेजले फोन लावला. पहिल्यांदा नावावर अडकली, पलीकडच्याले वाटलं लाइन गेली, कट केला. पुन्हा लावला. आधीच म्हटलं, मी अडखळते, ठेवू नका. नाही ठेवला त्याने. माझा अर्ज उघडला आणि म्हणे, तुमची डिग्री तं पूर्ण इंग्रजीतून आहे. तुमच्या बी.एस्सी.च्या कॉलेजचं तसं पत्र पाठवा, बस. तुम्हाले इंग्रजीची परीक्षा लागतच नव्हती. कोणतीच.

आम्ही कोणी विचारलंच नव्हतं.

घरी अजून माहीत नाही. आता जेवताना सांगीन. मधात कोणी बोललं तं पुन्हा पहिल्यापासून सांगीन.