काडतुसांचा कायदा आणि दादा

अजमान
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. दादास,
अपर्णाचा सा. न. वि. वि.

काल फोनवर आपण दोघंही ओरडलो. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हे पत्र. तुझा मेहुणा शैलेंद्र म्हणतो, तुम्ही भावंडं समोरासमोर असता तर पंच बोलवावा लागला असता.

तिकडे अमेरिकेत तुमच्या राज्यात काडतुसांच्या विक्रीवर बंधनं येणार आणि तू त्याविरुद्ध सभागृहाच्या समितीपुढे बोलणार, हे ऐकून मी हादरलेच. मागच्या वर्षी तुमच्याच राज्यातल्या एका शाळेत पोरं मेली, दादा. दुकानात चौकशी झाल्यावरच काडतुसं मिळाली, तर बिघडलं कुठे? आपली ईश्वरी इथे दर शनिवारी उम्म अल कुवैनच्या बाजूला नेमबाजीच्या रेंजवर जाते. काडतुसं काउंटरवर मिळतात, तिथेच वापरायची, उरलेली परत द्यायची, खलास. एकही घरी येत नाही आणि मला शांत झोप लागते.

तुझी भाची मात्र तुझ्याच बाजूची. मला सुनावते, ‘मॉम, यू हॅवन्ट इव्हन रेड द लॉ!’ तेव्हा त्या कायद्यात नक्की काय आहे ते लिही. नुसतं ‘स्वातंत्र्य’ लिहून पाठवू नकोस.

माया आहेच, भांडणातून ती वजा करू नये, ही विनंती.

तुझी
अपर्णा

अमेरिका
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अपर्णास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. अक्षर अजून बाबांसारखंच आहे, आणि दटावणीसुद्धा.

आता ऐक. काडतुसं फक्त परवाना असलेल्या दुकानात, स्वतः जाऊन, दर खरेदीला नव्याने चौकशी करून मिळणार. टपालाने मागवणं बंद. आमच्या गावातलं दुकान कधीच बंद पडलंय. जवळचं गाठायचं तर अख्खा शनिवार जातो. तेही सोसलं असतं. पण पुढचं कलम वाच: एकवीस वर्षांखालच्या कुणाच्याही हाती काडतूस द्यायचं नाही, रेंजवर प्रशिक्षकानेही नाही. मी नेमबाजी शिकवतो त्या संघातल्या सगळ्या मुली शाळकरी. कुणाचे वडील ट्रक चालवतात, कुणाची आई दवाखान्यात नर्स. या खेळाच्या जोरावर त्यातल्या काहींना कॉलेजात प्रवेश मिळतो. उद्या ईश्वरीच्या वयाच्या मुलीला मी काडतूस दिलं, तर गुन्हेगार मी.

आणि तत्त्वाचं म्हणशील, तर सरळ माणसाने दर वेळी आपण सरळ आहोत हे सिद्ध का करायचं? तू तिथे पाहुणी आहेस, नियम पाळतेस, बरोबरच आहे. मी इथला नागरिक. न पटणाऱ्या कायद्याशी भांडणं हेही माझंच काम. मी बोलणार, आणि चांगलं बोलणार.

भाचीला म्हणावं, खांदे सैल ठेव. आशीर्वाद आहेतच, राग ओसरला की घे.

तुझा
प्रल्हाददादा

अजमान
२३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

राग ओसरला. एकवीसचं कलम खुळचट आहे, हे मी कबूल करते. बाकीचं मला पटलेलं नाही.

मी रेंजवरच्या गनीभाईंना तुझी अडचण सांगितली. ते हैदराबादचे, बरीच वर्षं इथे शिकवतात. ते हसून म्हणाले, की यात वयाचा सवालच नाही. काडतूस रेंजच्या दाराबाहेर जातं का, एवढंच बघा. मग दादा, तू हेच का मागत नाहीस? प्रशिक्षकासमोर वापरायची, उरलेली परत करायची, एवढ्यापुरती सूट. अख्खा कायदा पाडायच्या हट्टापायी तुझ्या मुलींचा संघ बुडेल.

आणखी एक. त्या शाळेतल्या एखाद्या मुलाची आई तिथे असेल. बोलायच्या आधी तिच्याकडे एकदा बघ.

काल शारजाला रोल्लाच्या बाजारात जाऊन तुझ्यासाठी खजूर पाठवलेत. आणि ते चौकटीचं जॅकेट घालून जाऊ नकोस, इन्शाल्ला जिंकशील.

नमस्कार स्वीकारावा, सल्ला निदान वाचावा.

तुझी
अपर्णा

अमेरिका
२० एप्रिल २०२५

चि. सौ. अपर्णास,
अ. उ. आ.

तू म्हणालीस तशी एका मुलाची आई तिथे होती. माझ्या अगदी आधी बोलली. तिचा मुलगा नववीत होता. ती रडली नाही. त्याला पोहायला आवडायचं, एवढं सांगून म्हणाली, की हा कायदा आधी असता तर कदाचित तो असता. ‘कदाचित’ हा शब्द तिने दोनदा उच्चारला. मी तयार केलेलं भाषण खिशातच राहिलं.

मी म्हणालो, की या कायद्याला माझा विरोध आहे आणि राहील. पण या बाईंना खोटं पाडायला मी आलेलो नाही. मग रेंजपुरती सूट मागितली, तुमच्या गनीभाईंच्या शब्दांत. एका सदस्याने विचारलं, ही कल्पना कुठून आली. मी सांगितलं, अजमानला माझी बहीण असते, तिला माझं एकही मत पटत नाही. सगळे हसले. माझ्या बाजूचे काही जण मात्र बाहेर मला फितूर म्हणाले. म्हणोत.

कायदा मंजूर झाला, सूट मिळून. टपालाची बंदी राहिली. तिच्याविरुद्ध मी पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहणार.

सभागृहाबाहेर ती बाई माझ्याकडे आली. म्हणाली, की तीही पुन्हा येणार, कायदा आणखी कडक करा म्हणायला. आणि विचारलं, मुली नेम कसा धरतात ते बघता येईल का. मागच्या शनिवारी आली. पहिला आवाज झाला तशी तिने भिंत घट्ट धरली. मी सराव थांबवायला निघालो, तर मानेनेच नको म्हणाली. शेवटपर्यंत थांबली. आमच्या सगळ्यांत लहान मुलीने तिला आपली नेमाची कागदी चकती दाखवली, तेव्हा मधल्या छिद्रावर बोट ठेवून छान म्हणाली.

गाडीत बसताना तिने मला सांगितलं, की पुढच्या वर्षी समितीपुढे आम्ही एकमेकांविरुद्धच बोलू, पण ती लवकर जाऊन आपल्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी धरून ठेवेल.

तुझा
प्रल्हाददादा